बियरच्या एक पायरी अलीकडे

मुनेश्वर साहेब दर रविवारी आपल्या गच्चीवर बियर करायला घेतात आणि ती बियर व्हायच्या आत थांबतात.

हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगून पाहिलं आहे. ऐकणारा वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात खुर्ची पुढे ओढतो आणि दुसऱ्या अर्ध्यात मागे सरकवतो. मीही त्यातलाच. यवतमाळात दारव्हा रोडच्या बाजूला आमची कॉलनी आहे आणि आमची घरं समोरासमोर आहेत. साहेबांच्या गच्चीवरून पहिल्यांदा तो वास आला, तेव्हा मी बनियनवर चांगला शर्ट चढवून लगेच त्यांच्याकडे गेलो होतो. शेजाऱ्याची विचारपूस करायला काही कारण लागत नाही.

त्यांचं सगळं रीतसर असतं. जव भिजवायचे, गोणपाटावर मोड आणायचे, वाळवून भरडायचे आणि गरम पाण्यात ठेवून त्यांचं गोड पाणी काढायचं. मग ते पाणी गंजात, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या पातेल्यात, तासभर उकळायचं आणि त्यात हॉप्स टाकायचे. हॉप्स ही थंड मुलखातल्या एका वेलीची फुलं. बियरला कडवटपणा त्यांच्यामुळे येतो. ती वाळवून, दाबून त्यांच्या गोळ्या करतात आणि त्या दिसतात थेट सरकीच्या ढेपेच्या चुऱ्यासारख्या. उकळणं झालं की गार करून, गंजाला खालच्या बाजूनं बसवलेल्या नळातून ते दुसऱ्या भांड्यात काढायचं. जगात कुठेही बियर इथपर्यंत अशीच होते. यानंतर त्यात यीस्ट घालतात, ते आंबतं आणि त्याची बियर होते.

साहेब यीस्ट घालत नाहीत. त्यांच्या घरात यीस्ट नाहीच. ते पाटावर बसून गंजाच्या तळाशी हॉप्सचा चोथा किती राहिला, नळात किती अडकला आणि दुसऱ्या भांड्यात किती उतरला ते पाहतात, चष्मा कपाळावर चढवून परत पाहतात, आणि मग सगळा काढा मागच्या गवळ्याच्या म्हशींना जातो. 'काढा' हा त्यांचाच शब्द. त्याला बियर म्हटलेलं त्यांना चालत नाही. तो रात्रभर ठेवायचा नाही हाही नियम. "रातभर राह्यला तं आपोआप आंबते, मास्तर. मंग आपण नाही केली म्हणून काय फायदा?" म्हशी रविवारची वाट पाहतात, असं गवळी सांगतो.

या माणसानं जन्मात बियरचा थेंब घेतलेला नाही. साहेबांचे वडील बोरी अरब या गावचे. त्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, घरी आले आणि परसातलं मोहाच्या दारूचं गाडगं दगडावर फोडलं. तेव्हापासून घरात थेंब आलेला नाही. साहेब पंचशीलातलं पाचवं, दारू न पिण्याचं शील म्हणताना विहारात इतरांपेक्षा जरा मोठा आवाज काढतात, हे मी स्वतः ऐकलं आहे. एकदा त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुम्ही आर्णी रोडच्या त्या हॉटेलात जाता. कशी लागते बियर?"

मी म्हणालो, "कडू."

"मंग पेता कायले?"

सव्वीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवतो आहे. पोरांनी काहीही विचारलं तरी मला उत्तर सुचतं. त्या दिवशी सुचलं नाही. शिवाय आर्णी रोडचं यांना कसं कळलं, ही काळजी वेगळीच.

शालिकराव मुनेश्वर नोकरीला होते पाणीपुरवठ्याच्या फिल्टर प्लँटवर. ऑपरेटर म्हणून लागले, ऑपरेटर म्हणूनच रिटायर झाले. कॉलनीनं त्यांना साहेब केलं ते नंतर, आणि तेही एका कारणानं. आमच्या गावात पाण्याचा प्रश्न काय असतो ते आम्हालाच माहीत. नळ येतो तेव्हा लोक लग्नघरासारखे पळतात. अशा गावात जो माणूस पाण्याची बादली नुसती पाहून, "आज फिल्टर वॉश न करता सोडलं वाटते," असं सांगू शकतो, त्याला साहेब नाही म्हणायचं तर कोणाला म्हणायचं?

पातळ वस्तू हातात आली की ती उजेडाकडे धरून पाहायची, ही त्यांची जन्माची सवय. चहा उजेडाकडे, मठ्ठा उजेडाकडे, खोकल्याचं औषध उजेडाकडे. माझ्या पुतणीच्या लग्नात नव्या व्याह्यांनी कौतुकानं सरबत दिलं. साहेबांनी ग्लास ट्यूबलाइटकडे धरला, दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाले, "बसू द्या याले." व्याही बिचारे स्वतः खाली बसले.

"बसू द्या" हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे. गढूळ पाणी? बसू द्या. कॉलनीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोन घरं हमरीतुमरीवर आली? बसू द्या, पंधरा दिवसांनी बोलू. माझा मुलगा बारावीत गणितात आपटला तेव्हा मी घरात तांडव करत होतो. साहेब दारात उभे राहून म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोराले ढवळून राह्यले. आधी ढवळणं बंद करा." मला त्यांचा रागच आला होता. माझा मुलगा म्हणजे काय पाण्याची टाकी आहे?

त्यांच्या हॉप्सच्या भानगडीत मी ओढला गेलो तो एका पार्सलमुळे. ऑनलाइन मागवणं त्यांना जमत नाही, म्हणून ते माझ्या मोबाइलवरून, माझ्या पत्त्यावर मागवलं होतं. आणि मी शाळेत असताना ते सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं फोडलं. आत हिरव्या कडू गोळ्या. नवरा आपल्यासाठी न सांगता शुगरचं आयुर्वेदिक औषध मागवतो, या कल्पनेनं ती इतकी हळवी झाली की तिनं जेवणानंतर दोन गोळ्या कोमट पाण्याबरोबर घेतल्या. तिला अशी झोप लागली की सकाळी दूधवाला परत गेला. खरं काय ते मी सांगितलं, त्यावर ती मुळीच रागावली नाही. पुढच्या पार्सलची वेळ झाली की आठवण तीच करते.

आता हे सगळं ते का करतात ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, रिकामटेकडा म्हातारा आहे.

साहेबांना एकच मुलगी, प्रज्ञा. हुशार पोरगी. अमरावतीला शिकली, सूक्ष्मजीवशास्त्रात पहिल्या वर्गात आली. चार वर्षांपूर्वी तिला पुण्यात नोकरी लागली तेव्हा ती पेढे घेऊन घरी आली. साहेबांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, कंपनी काय करते? तिनं खरं ते सांगितलं. मोठ्या हॉटेलाला जोडून स्वतःची बियर करणारा कारखाना होता आणि बियर करणं हेच तिचं काम होतं. साहेबांनी पेढा परत खोक्यात ठेवला. म्हणाले, "ज्या दिवशी हे काम सोडशीन, त्या दिवशी माह्यासंगं बोल. तोवर या घरात त्या कामाचं नाव काढाचं नाही."

पोरगीही त्यांचीच. ती त्याच दिवशी संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं गेली आणि तिनं दोन वर्षं बापाशी बोलणं बंद केलं. आईला मात्र रोज साडेसातला फोन. कुसुमकाकूंचे हात त्या वेळी कणकेत, म्हणून फोन ओट्यावर, स्पीकरवर. आणि साहेब समोरच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेले, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. बातम्या देणारी बाई नुसती तोंड हलवायची. मी एकदा विचारलं, आवाज गेला का टीव्हीचा? ते म्हणाले, "आवाज डोक्याले लागते."

असाच एका संध्याकाळी मी तिथे बसलो होतो. स्वयंपाकघरातून प्रज्ञाचा आवाज आला. "आई, आजबी तुंबलं. हॉप्सचा गाळ नळात जाऊन बसते. पंप बंद करून हातानं काढावं लागते, अन् तोवर सगळं खराब. इथले साहेब सगळ्यांसमोर बोलले मले. म्हणाले, तुम्हाला साधा काढा इकडून तिकडे घेता येत नाही."

काकू म्हणाल्या, "मंग सोडून दे माय."

"सोडत नाही," प्रज्ञा म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

मी साहेबांकडे पाहिलं. जे वाक्य दोन वर्षं त्यांच्या ओठांवर होतं, ते त्यांच्या बायकोनं त्यांच्या वतीनं बोलून टाकलं होतं. पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतंच. ते टीव्हीकडे बघत हळूच म्हणाले, "नळ एकदम खोलून राह्यली असन ती."

पुढच्या रविवारी गच्चीवर गंज चढला.

पहिला प्रयोग फसला, आणि तो दुसऱ्या कोणाच्या हातून अशा रीतीनं फसलाच नसता. तीस वर्षं ज्या हातानं पाण्यात तुरटी सोडली, त्या हातानं काढ्यात तुरटी फिरवली. गाळ झकास खाली बसला. वरचा काढा असा नितळ की साहेब तो उन्हाकडे धरून बराच वेळ उभे होते. वासावर मी पोचलो होतोच; ते म्हणाले, "मास्तर, जीभ घेऊन इकडे या." माझ्या जिभेचा या कामात तेवढाच उपयोग होता आणि आजही तेवढाच आहे. मी एक घोट घेतला. गाल आतल्या आत चिकटले, आणि पुढच्या तासाला मी मुलांना शब्द न बोलता नकाशे भरायला लावले असते, पण रविवार होता. म्हशींनीही तोंड फिरवलं.

साहेब पायरीवर बसले. "बरं झालं, आधी करून पाह्यलं," म्हणाले. "हे तिले सांगतलं असतं तं पोरीची नोकरी गेली असती." तेव्हा हा उपद्व्याप कोणासाठी चालला आहे ते मला पहिल्यांदा त्यांच्या तोंडून कळलं. मी म्हणालो, "पण तुमचा तर विरोध आहे ना?"

"बियरले माहा विरोध आहे," ते म्हणाले. "गाळाले कायचा विरोध?"

दुसऱ्या रविवारी काकूंची पिठाची चाळणी गेली. हॉप्सच्या गोळ्या उकळल्या की विरघळून त्यांचा हिरवा लगदा होतो आणि तो मिनिटभरात प्रत्येक भोक लिंपून टाकतो. चाळणी तुंबली, काढा वरून सांडला, आणि घासूनपुसून परत ठेवलेल्या त्या चाळणीची भाकरी दोन दिवस कडू लागत होती. काकूंनी ती भाकरी मुद्दाम त्यांनाच वाढली. तिसऱ्या रविवारी मलमलचं फडकं झालं. चौथ्या रविवारी फडक्यावर फडकं. साहेबांचा चेहरा उतरत चालला होता.

याच दिवसांत कोणीतरी पोलिसांत कळवलं की मुनेश्वरांच्या गच्चीवर भट्टी लागते. एक जमादार आला. पोट सांभाळत जिना चढला आणि गंजासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काय हाय हे?"

"काढा," साहेब म्हणाले.

"कायचा?"

"जवाचा. घेऊन पाहा."

जमादारानं कर्तव्यबुद्धीनं वाटीभर घेतला. मग चेहरा असा केला की मला माझाच पहिला रविवार आठवला. "साहेब, यात तं काहीच नाही."

"नाहीच आहे."

"मंग करता कायले?"

"गाळ पाहाले."

जमादारानं वही काढून ते लिहून घेतलं. लिहिल्यावर स्वतःशीच वाचलं, पुढे काय लिहावं ते त्याला सुचेना, म्हणून वही मिटली. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. या वेळी साध्या कपड्यात, घरच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून. साहेबांनी बाटली उजेडाकडे धरली आणि दोघं अर्धा तास बोलत बसले.

मार्ग सापडला तो प्लँटवर. साहेब एका सकाळी जुन्या मंडळींना भेटायला म्हणून गेले आणि गोल टाकीच्या कठड्यावर तासभर बसून आले. त्या टाकीत पाणी सावकाश गोल फिरतं आणि गाळ आपसूक मधोमध जमतो. तीस वर्षं जे रोज पाहिलं ते घरच्या गंजाला लावायचं त्यांना सुचलं नव्हतं, याचीच त्यांना लाज वाटत होती. रविवारी गॅस बंद केल्यावर त्यांनी लाकडी सराट्यानं काढा एकाच दिशेनं गोल गोल फिरवला, सराटा काढून घेतला आणि झाकण ठेवलं. मी झाकण उचलायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली. वीस मिनिटांनी त्यांनी स्वतः झाकण काढलं. वरचा काढा स्वच्छ होता, आणि तळाला, बरोबर मध्ये, हिरव्या गाळाची टेकडी उभी होती.

"पाहा," ते म्हणाले. "आता नळ धाग्याएवढा खोलाचा. पह्यलं लिटर-दोन लिटर गढूळ येते, ते वापस वरून हळूच सोडाचं. साफ आलं की मंगच दुसऱ्या भांड्यात. अन् शेवटचं दोन लिटर सोडून द्याचं, त्याचा मोह नाही कराचा. हे लोकं शेवटच्या थेंबासाठी टेकडी पाडते अन् मंग नळाले नावं ठेवते."

एका गोष्टीची मला गंमत वाटते. मी भूगोलाचा मास्तर, पण नदी गाळ कुठे टाकते आणि का टाकते, हे मला नीट कळलं ते त्या दिवशी, त्या गंजात. तेव्हापासून नववीला तो धडा मी बादलीत माती घालून शिकवतो. असो.

तर उत्तर सापडलं. पण ते प्रज्ञाला सांगणार कोण? त्या कामाचं घरात नाव काढायचं नाही, हा हुकूम कोणाचा? साहेब दोन दिवस येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी सगळं एका कागदावर लिहिलं आणि काकूंना दिलं. म्हणाले, "तुह्याकडून सांग."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम हजर राहिलो. काकू सातवी शिकलेल्या, हॉप्स म्हणजे काय ते त्यांना आजही माहीत नाही. कणकेचे हात पुसून, चष्मा लावून त्यांनी कागद शाळेतल्या पाठांतरासारखा वाचला. "आधी काढा गोल फिरवाचा. मंग ढवळणं बंद. मंग वीस मिनिट. मधात टेकडी होते. नळ धाग्याएवढा..."

"आई," प्रज्ञानं थांबवलं, "हे तुले कोणं सांगतलं?"

"कोणी नाही. मनात आलं."

"तुह्या मनात?"

"काहून? माह्या मनात नाही येत का?"

 मग प्रज्ञा म्हणाली, "आई, तुह्या मनाले विचार बरं, गंज चपट्या बुडाचा असन तं चालते का?"

काकूंनी दारातून समोरच्या खोलीकडे पाहिलं. साहेबांनी टीव्हीवरची नजर न हलवता मान डोलावली. काकू फोनला म्हणाल्या, "चालते."

पुढे तीन आठवडे हा तमाशा चालला. पोरगी विचारायची, काकू दाराकडे बघायच्या, साहेब बोटांनी, भुवयांनी, कधी भिंतीवर पेन्सिलीनं उत्तर द्यायचे. गाळ थोडा थोडा बोलू लागला होता, माणसं नव्हती. एका संध्याकाळी प्रज्ञानं पुन्हा विचारलं, वीसच मिनिटं का? पंधरा नाही चालणार? साहेबांनी दोन्ही हातांनी असं काहीतरी करून दाखवलं की ते काकूंनाही कळेना आणि मलाही. काकूंनी लाटणं खाली ठेवलं. "मी काय तुमची तारमास्तर आहो? दोघंबी एका रक्ताचे. बोलत असान तं बोला, नाहीतं ठेवून द्या." आणि त्या फोन तसाच ओट्यावर सोडून फाटक लावायला निघून गेल्या. फाटक आधीच लावलेलं होतं.

फोन चालू होता.  साहेब उठले, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, परत आले, परत गेले. मला उठून जायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला हलायचं नव्हतं.

साहेबांनी घसा साफ केला आणि फोनपासून चार हात लांब उभं राहून म्हणाले, "वीस मिनिट. झाकण ठेवून."

पलीकडून प्रज्ञानं विचारलं, "पंधरा मिनिट नाही चालत का, बाबा?"

"चालतीन," साहेब म्हणाले. "पण वीस बरे."

दोन वर्षांनी बाप-लेकीत झालेलं बोलणं ते एवढंच. मी त्या मुक्या टीव्हीकडे पाहत बसलो.

त्यानंतर रविवार ठरूनच गेला. आठवड्याभरात प्रज्ञा एक प्रश्न विचारते, रविवारी साहेब तो गंजात करून पाहतात आणि संध्याकाळी तिला फोनवर सांगतात. हॉप्स उशिरा टाकले तर टेकडी मऊ होते का? अख्खी फुलं आणि गोळ्या मिसळल्या तर? काढा जास्त गार झाल्यावर फिरवला तर? तब्येत, पगार, लग्न, नोकरी सोडणं यातलं काही नाही. नुसता गाळ. पण चाळीस-चाळीस मिनिटं. ती मध्येच हसते, आणि हे फोनकडे असं पाहतात की फोनच हसला असावा.

परवा दिवाळीनंतर मी पुण्याला गेलो होतो, मेहुणीकडे. काकूंनी जवसाची चटणी दिली होती, ती द्यायला प्रज्ञाच्या कारखान्यात गेलो. पोरगी डोक्याला जाळी, पायात गमबूट अशी आली आणि मला सगळं फिरवून दाखवलं. टाक्या चकचकीत, माझ्या दुप्पट उंचीच्या. उकळायच्या टाकीशेजारी एक वेगळीच स्टीलची टाकी होती. तिनं सांगितलं, "ही गाळासाठीच, काका. काढा यात आपोआप गोल फिरतो आणि चोथा बाजूला होतो. बटण दाबायचं फक्त."

मी विचारलं, "नवी आहे?"

"आठ महिने झाले."

मी मनात हिशेब केला आणि तिच्याकडे पाहिलं. गेल्याच रविवारी साहेबांनी पहाटेपासून तीन वेळा काढा उकळला होता, कारण हिनं विचारलं होतं की सराटा डावीकडून फिरवला तर फरक पडतो का. "म्हणजे आता तुमच्याकडे काही तुंबत नाही?"

"नाही."

"मग तू..."

ती खिशातून फडकं काढून टाकीचा नळ पुसायला लागली. नळ स्वच्छच होता. "काका, बाबांना दुसरं काय विचारू? तब्येत कशी आहे विचारलं तर 'बरी आहे' म्हणतात आणि फोन आईला देतात."

परतीच्या बसमध्ये मी रात्रभर हे ओझं घेऊन बसलो होतो. सांगावं तर म्हातारा खचेल. न सांगावं तर सत्तरीला टेकलेला माणूस दर रविवारी पंधरा लिटरचा गंज घेऊन जिना चढणार, तोही एका न उरलेल्या अडचणीसाठी. शेवटी ठरवलं, सांगायचं नाही. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, असं सुनंदा म्हणते. या वेळी तिला खोटं पाडायचंच, असं म्हणून मी रविवारी गच्चीवर गेलो.

साहेबांनी नुकतंच झाकण ठेवलं होतं. शेजारी पाटावर बसत मी पुण्याच्या थंडीबद्दल बोललो, रस्त्यांबद्दल बोललो, जवसाची चटणी पोचली म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सहज विचारलं, "नवीन टाकी पाह्यली का तिची? बटणवाली?"

मी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे?"

"कुसुमनं कवाच सांगतलं. उन्हाळ्यातच बसवली त्यांनी. चांगली आहे म्हणते."

"मग हे सगळं कशाला करून राहिलात, साहेब?" मी कधी नव्हे ते त्यांच्या बोलीत शिरलो. "तिला गरज नाही आता."

"गरज नाही, मले माहीत आहे."

"मग?"

"विचारते ना अजून ती." त्यांनी झाकणाच्या कडेवर आलेलं पाणी बोटानं पुसलं. "या हप्त्यात विचारलं, हॉप्स दोनदा टाकले तं गाळ जास्त होते का. उत्तर मले सरळ पाठ आहे. पण करून पाह्यल्याबिगर सांगणं बरं नाही वाटत."

 खालून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं, झाकण उचललं आणि आत डोकावून समाधानानं मान हलवली. मग मला जवळ बोलावलं, इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, तुम्हाले म्हणून सांगतो. मी तिले फोनवर अर्धंच सांगतो. सगळं एकदम सांगून टाकलं, तं पुढच्या ऐतवारी ती काय विचारन?"